केंब्रिजजवळचं रान: हेझलची तोडणी आणि वई, सप्टेंबर २०२४ ते जून २०२५

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

ज्यांना रानातलं हेझल तोडून भोवती कुंपण घालायचं काम करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. मागच्या वर्षी आम्हाला कुणी हे सांगितलं असतं तर आमचे २४ पैकी ९ खुंट मेले नसते.

रान छोटं आहे, साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे, केंब्रिजच्या पश्चिमेला गाडीने पंचवीस मिनिटांवर. गावातल्या एका आजींच्या मालकीचं. त्यांचे यजमान होते तोवर ते तोडणी करायचे, नंतर तीसेक वर्षं कुणी हातच लावला नाही. आम्ही तीन घरं मिळून काम करतो, निघेल त्यातलं अर्धं सरपण आजींना, बाकी आमचं. वर मोठे ओक आणि ऍश, खाली हेझल नावाचं झुडपासारखं झाड आणि थोडं फील्ड मेपल. हेझल बुंध्याशी तोडलं की मरत नाही, खुंटाला धुमारे फुटतात, सात ते दहा वर्षांनी परत तोडायचं. एका हंगामात रानाचा एक तुकडा. आपल्याकडे फॉरेस्टवाले ज्याला कूप म्हणतात तोच हा.

आज मागच्या हिवाळ्यातला कूप बघायला गेलो, ३ गुंठे. फेब्रुवारीत तोडला होता, मे महिन्यात धुमारे आले, आम्ही फोटो काढून खूश झालो आणि दीड महिना फिरकलो नाही. आज खुंटांवर करंगळीएवढे काळे पडलेले तुकडे आहेत. परत फुटले, परत खाल्ले, परत फुटले आणि मग ९ खुंटांनी दम सोडला. खाल्लेलं टोक हातात घेऊन नीट बघा. सुरीने तिरकं कापल्यासारखं साफ दिसलं तर ससा. चिंध्या झाल्यासारखं, सालीचा धागा लोंबतोय असं दिसलं तर हरीण, कारण हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते धरून ओढतं. आमच्याकडे सगळीकडे चिंध्याच.

हरीण म्हणजे इथे मुख्यतः मुंटजॅक. आपल्या भेकराचाच चिनी भाऊ, कुत्र्यासारखा भुंकतो सुद्धा. शेजारच्या बेडफर्डशायरमध्ये वोबर्न इस्टेटवर शंभरेक वर्षांपूर्वी आणून ठेवलेले, तिथून सुटले आणि पसरले. वर्षभर कधीही पिल्लं घालतात. त्यांच्या जोडीला रो आणि फॅलो जातीची हरणं.

ठरवलं ते एवढंच, यंदा तोड आणि कुंपण एकाच वेळी. कुंपणाशिवाय एकही खुंट मार्चनंतर उघडा राहणार नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

हेली वुड बघून आलो. केंब्रिजच्या पश्चिमेचं जुनं, नावाजलेलं रान. १२५१ साली ईलीच्या बिशपच्या मिळकतीची मोजणी झाली त्यात हे ८० एकर म्हणून लिहिलेलं आहे. १९६२ मध्ये जिल्ह्याच्या निसर्ग ट्रस्टने ते विकत घेतलं. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकम यांनी वर्षानुवर्षं तिथल्या ऑक्सलिप या रानफुलाच्या नोंदी ठेवल्या, आणि हरणं वाढली तशी फुलं कशी कमी होत गेली ते त्यातूनच कळलं. तिथे कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं असं दोन्ही बघायला मिळतं. मी तारेला हात लावून दहा मिनिटं नुसता उभा होतो. आत कमरेएवढी दाटी, बाहेर गुडघ्याखाली काहीही नाही. ज्याला शंका असेल त्याने जाऊन बघावं.

कागदपत्रांचं एकदाच लिहितो. इंग्लंडमध्ये झाड तोडायला साधारणपणे लायसन्स लागतं. कॉपिसचे, म्हणजे अशा तोडलेल्या खुंटातून वाढलेले, सोट १.३ मीटर उंचीवर १५ सेंटिमीटरपर्यंत जाड असतील तर ते वगळलेले आहेत. त्याहून जाड असेल तर तीन महिन्यांत ५ घनमीटरपर्यंत लायसन्सशिवाय चालतं, त्यातलं २ घनमीटरच विकता येतं. आमचं बहुतेक पहिल्या प्रकारात बसतं. तरी रान संरक्षित यादीत आहे का, झाडांवर प्रिझर्व्हेशन ऑर्डर आहे का, हे आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं, नव्हतं. तिघांचा मिळून विमा ७० पौंड.

१२ ऑक्टोबर, शनिवार

कूप आखला. २० बाय २५ मीटर म्हणजे ५ गुंठे, ३८ खुंट. सुतळी आणि चुना.

चूक इथेच झाली आणि ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही. दक्षिणेच्या कोपऱ्यात मोठा ओक आहे, त्याची सावली किती पडेल याचा विचार न करता आम्ही वाटेला लागून सोयीचा चौकोन आखला. पानं असताना खाली उभं राहून वर बघायला हवं होतं. आभाळ दिसत नसेल तर तिथे हेझल जोमाने येणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तोडणी सुरू. दोन जपानी वक्र करवती, ११० पौंड दोन्ही मिळून, आणि जुन्या बाजारातला २५ पौंडांचा बिलहूक. बिलहूक म्हणजे आपला कोयताच, फक्त टोक जास्त वळलेलं. हातात घेतला आणि मनगटाला लगेच ओळख पटली, लहानपणी आजोळी कवळ तोडायला जायचो ते आठवलं.

मागच्या वर्षी आम्ही एक एक खुंट साफ करत मधून बाहेर गेलो आणि सगळी फाटी एका जागी ओढून जाळली. दोन्ही चुकीचं. यंदा आधी कडेची पट्टी तोडतोय, चारी बाजूंनी, आणि फाटी तोडली की थेट आखलेल्या रेषेवर टाकतोय. एकदा उचललेली फांदी परत उचलावी लागली की तेवढा वेळ पाण्यात, हे शंभर वेळा घोकून ठेवा.

तीस वर्षं न तोडलेलं हेझल वाकडं वाढतं, एकात एक गुंततं आणि ताणलेलं असतं. सरळ वरून करवत घातली की अर्ध्यात चिरफळ्या होतात आणि साल खुंटापर्यंत सोलत जाते. दोन खुंट असे खराब केले. मग असं केलं, आधी कमरेच्या उंचीवर तोडायचं, ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूने थोडी चीर देऊन, मग उलट्या बाजूने. वजन गेलं की खाली घोट्याच्या उंचीवर दुसरा साफ काप, उतार खुंटाच्या मध्यापासून बाहेर, म्हणजे पाणी मधे साठत नाही. वेळ जवळपास दुप्पट लागतो पण खुंट चांगला राहतो.

आज तिघांनी मिळून ५ खुंट. बस्स.

२ नोव्हेंबर, शनिवार (पाडवा)

दिवाळी असूनही सकाळी चार तास गेलो, दुपारी घरी जेवायला. ११ खुंट झाले. फाटीचा ढीग रेषेवर बराच जमलाय.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर ढीग दाखवला. इथले लोक याला डेड हेज म्हणतात, दोन ओळीत मेढी ठोकून मधे फाटी दाबायची. बाबा म्हणाले, "अरे ही तर वई." आमच्याकडे परड्याभोवती, भाजीच्या वाफ्याभोवती करवंदीच्या काट्यांची घालतात ती. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बघा ना, नीट झालीय का." त्यांनी फोन डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "बुंधे सगळे बाहेर काढलेस तू. शेंडे बाहेर हवेत, बुंधे आत. आणि पायाने तुडव, नुसती ठेवू नकोस, पावसात निम्मी बसते ती."

तीन शनिवारांत टाकलेला ढीग आता फिरवायचा आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

फिरवला. आख्खा दिवस आणि दोन माणसं. मेढी हेझलच्याच ठोकतोय, चार फुटांवर एक, दोन ओळींत दोन फूट अंतर. इथली माती चिकण, बोल्डर क्ले म्हणतात ती, बूट बाहेर काढताना पाय मोकळा येतो आणि बूट आत राहतो. मेढ सरळ ठोकली की फुटते, म्हणून आधी पहारीने भोक पाडून मग ठोकायची.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बर्ट वादळ. कुणी गेलं नाही. वाऱ्यात रानात काम करू नका, आमच्याकडे तर मेलेले ऍश आहेत. ऍश डायबॅक हा बुरशीचा रोग, ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे हिऱ्याच्या आकाराचा काळपट डाग दिसतो. असं लाकूड ठिसूळ होतं, मोठी फांदी न वाकता एकदम खाली येते.

७ डिसेंबर, शनिवार

पुन्हा वादळ, डॅराह. पुन्हा घरी. दोन शनिवार गेले.

१४ डिसेंबर, शनिवार

एक ऍश अर्धा मोडून आमच्या कुपावर लटकलाय. याच्या खाली आम्ही नोव्हेंबरमध्ये डबे उघडून जेवत होतो. बायकोने सरळ सांगितलं, हे निघेपर्यंत तिकडे जायचं नाही, आणि तिचं बरोबर होतं. आमच्यापैकी कुणाकडे चेनसॉचं सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट असलेला माणूस आणला, त्याने लटकलेला आणि कडेचे दोन रोगट ऍश पाडले, पैसे आजींनी दिले. वाटेपासून आणि कामाच्या जागेपासून लांब असलेले रोगट ऍश तसेच सोडलेत, काही झाडं तग धरतात असं दिसतंय आणि मेलेल्या लाकडात सुतार पक्षी येतात.

हे पहिल्या दिवशी करून घ्यायला हवं होतं. काम सुरू करण्याआधी वर बघा, मग खाली.

११ जानेवारी २०२५, शनिवार

कडाक्याची थंडी, जमीन दगडासारखी. रानातल्या कामाला याहून चांगला दिवस नाही, चिखल नाही आणि ओंडके घसरत जातात. एका दिवसात ७ खुंट, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला दिवस. एकूण २४.

वईची उंची मोजली. नोव्हेंबरमध्ये १.४ मीटर होती, आज कुठे १ मीटर, कुठे त्याहून कमी. बाबा म्हणाले तेच झालं. परत फाटी घालून तुडवली तर अजून माल लागणार, आणि भेकर उडी मारण्यापेक्षा खालून घुसतं, त्याला वीतभर फट पुरते. म्हणजे नुसत्या वईवर विसंबून चालणार नाही, आतून जाळी हवी.

२५ जानेवारी, शनिवार

प्लास्टिकची जाळी लावली, ६४ पौंड. हलकी, दोन तासांत ९० मीटर लागली. सगळे खूश.

८ फेब्रुवारी, शनिवार

जमिनीलगत सात ठिकाणी मुठीएवढी भोकं. सशांनी कुरतडली आहेत, भोकांच्या कडा साफ आहेत. दोन भोकं कुणीतरी मान घालून मोठी केलेली, तिथे तपकिरी केस अडकलेत. ६४ पौंड गेले. गुंडाळून ठेवली आहे, परसात वाटाण्यांवर टाकायला होईल.

स्वस्तात काम होईल असं वाटून आम्ही तार टाळली होती. टाळू नका.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तोडणी संपली. ३८ पैकी ३८. पक्षी घरटी करायला लागण्याआधी हात थांबवायचा म्हणून फेब्रुवारीची अखेर ही आमची मुदत होती, आठवडाभर आधी आटपलं.

मालाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण लोक याच आशेने सुरू करतात. तीस वर्षं पडून राहिलेल्या हेझलमधून पहिल्या तोडीला चांगला माल निघत नाही. सोट मनगटापेक्षा जाड आणि वाकडे. घेवड्याच्या वेलांना लागतात त्या आठ फुटी सरळ काठ्या फक्त ११ जुड्या, दहा दहाच्या. वाटाण्याला लावायच्या फांदेरी काटक्यांच्या १४ मोळ्या. बाकी सगळं सरपण. खरा माल पुढच्या फेरीला, सात-आठ वर्षांनी.

१ मार्च, शनिवार

तारेची जाळी, ५० मीटरचे दोन रोल १९२ पौंड. चेस्टनटच्या ३४ मेढी १५३ पौंड, हेझलची मेढ दोन-तीन वर्षांत जमिनीलगत कुजते, चेस्टनट कितीतरी जास्त टिकते. खिळे आणि बांधायची तार २२ पौंड. जाळी वईच्या आतल्या बाजूने लावतोय. खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर पसरवली आणि हेझलच्या आकड्यांनी खिळवली, म्हणजे भेकराने नाक घालून उचलायचा प्रयत्न केला तर ते स्वतःच जाळीवर उभं असतं.

जाळीवरून एक आडवी तार, तिच्यावर फाटीचे शेंडे बांधले. नुसती उंची नाही तर पलीकडे काय आहे ते दिसत नाही आणि रुंदीही आहे, त्यामुळे रो उडी मारायला बिचकतात असं गावातला एक जुना वई घालणारा म्हणाला. वई फुकट गेली नाही तर, जाळीला आधार झाली.

१५ मार्च, शनिवार

फाटक लावलं, कुंपण पूर्ण. तोडायला लागले ११ दिवस, वई आणि कुंपणाला ९. पुढच्यांनी हिशोब धरताना निम्मा वेळ कुंपणाचा धरावा.

३० मार्च, रविवार (गुढीपाडवा)

यंदा गुढीला आमच्या रानातली हेझलची काठी. सगळ्यात सरळ होती ती विकायची नाही असं मुलीने जानेवारीतच ठरवून साल तासून ठेवली होती. गुढी उभारून, जेवून दुपारी सगळे रानात गेलो. कुपात ऊन थेट जमिनीवर पडलेलं, हे तिथे तीस वर्षांत झालं नव्हतं. ऑक्सलिपच्या तीन जुड्या फुललेल्या, फिकट पिवळ्या, सगळी फुलं देठाच्या एकाच बाजूला मान टाकून. ब्रिटनमध्ये हे फूल मुख्यतः या भागातल्या चिकणमातीच्या जुन्या रानांत सापडतं. कुंपणाबाहेर मागच्या वर्षीच्या कुपात देठ होते, फुलं नव्हती. मुलीने टोक बघून स्वतःच सांगितलं, चिंध्या आहेत, भेकर.

१२ एप्रिल, शनिवार

पाऊस नाही, चिकणमातीला बोट जाईल एवढ्या भेगा. खुंटांवर कळ्या फुगल्यात. जुन्या काळ्या सालीतून लालसर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. पाणी घालायचं का असा विचार आला पण मुळं तीस वर्षांहून जुनी आहेत, खोल गेलीत, नाही घातलं.

३ मे, शनिवार

आत भेकर.

फाटक उघडल्यावर पहिल्यांदा लेंड्या दिसल्या, मग खाल्लेले धुमारे, ६ खुंट. पोटात खड्डा पडला. आधी वाटलं कुणी फाटक उघडं टाकलं. मग कुंपणाला पूर्ण फेरी मारली आणि उत्तरेला सापडलं. तिथून जुना चर जातो. रानाच्या हद्दीला मातीचा बांध आणि बाहेरून चर असतो, जुन्या रानांची ती खूणच, आणि त्याचा एक फाटा आमच्या कुपातून जातो. मार्चमध्ये त्यात पाणी होतं म्हणून आम्ही जाळी पाण्याच्या पातळीवर सोडली. पाऊस नाही, चर आटला आणि जाळीखाली फूटभर मोकळी जागा. जिथे जमीन खाली जाते तिथे जाळी वेगळी कापून खालपर्यंत न्यायला हवी, चर कोरडा असो वा भरलेला.

बाहेर कसं काढायचं हा दुसरा प्रश्न. भेकर घाबरलं की जाळीत डोकं आपटून घेतं, म्हणून मागे धावायचं नाही. चराच्या बाजूने उघडायचं ठरवलं तर तिथे वईत रेन या चिमुकल्या पक्ष्याचं घरटं, मुठीएवढं शेवाळाचं गोल, आणि आईबाप चोचीत काहीतरी घेऊन आत बाहेर करत होते. वापरातलं घरटं हलवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि हलवावंसं वाटलंही नसतं. मग पश्चिमेची दोन मेढींमधली जाळी सोडली, तिथली वई बाजूला केली आणि आम्ही पाच जण पूर्वेकडून हात पसरून एका ओळीत, न बोलता, हळूहळू चालत गेलो. वीस मिनिटं लागली. शेवटच्या खुंटामागून उठलं, कुत्र्याएवढं, शेपटी वर, पांढरी, आणि उघड्या जागेतून गेलं.

चरात ओंडका आडवा टाकला, घरट्यापासून लांबच्या बाजूने हलक्या हाताने जाळीचा तुकडा लोंबता बांधला, खाली आकडे.

२५ मे, रविवार

खाल्लेले ६ ही खुंट परत फुटले. एकदा खाल्लं तर खुंट सावरतो, मागच्या वर्षी सतत खात राहिले म्हणून मेले. आता दर शनिवारी कुणीतरी कुंपणाची फेरी मारतं, पाळ्या लावल्यात. फेरीला पंधरा मिनिटं लागतात, ती चुकवायची नाही.

१४ जून, शनिवार

मोजणी. ३८ पैकी ३५ खुंटांना धुमारे, सगळ्यात उंच मुलीच्या खांद्याला, बाकीचे मांडीएवढे. न फुटलेले तिन्ही त्या ओकच्या सावलीतले. जुन्या ३ गुंठ्यांच्या कुपातले १५ खुंट अजून जिवंत आहेत, त्यांच्याभोवती सप्टेंबरमध्ये जाळी, नवीन तोड त्यानंतर.

पैसे: एकूण खर्च ६३६ पौंड, त्यात वाया गेलेली प्लास्टिकची जाळी धरली आहे. काठ्यांच्या जुड्या ९ पौंडांनी गेल्या, ९९ आले, मोळ्या ५ ने, ७० आले. म्हणजे खिशातून ४६७, तीन घरांत जवळपास १५६ प्रत्येकी, आणि प्रत्येकाला दोन हिवाळे पुरेल एवढं सरपण. ते अजून ओलं आहे, वर्षभर तरी वाळवायचंय.

रेनची पिल्लं उडून गेली. चराजवळची वई आता उघडून जाळी नीट खालपर्यंत नेता येईल, तेवढं पुढच्या शनिवारी. येताना पहार आणि आकडे आणायचे, पहार आमच्यातल्या नाशिकवाल्याच्या गाडीत आहे.